जठारपेठेचा रंग

पौर्णिमाचं डोकं फिरलं होतं. दुसरं कारणच नाही! पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तोंडावर आलेलं, घरात ढीगभर कामं पडलेली, आणि मनकर्णाबाईंची ही पन्नाशीला टेकलेली सून दुपारची भांडी आवरली की मोबाईल घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसायची. काय बघायची? सिरियल? नाही. कीर्तन? नाही. कडब्याच्या गंज्या!

"अवं, गंज्याच पाह्याच्या असन त चांदूर बाजारले जाय ना, तुह्या बापाच्या वावरात!" मनकर्णाबाई कडाडल्या. "तथी फुकट दिसतीन. त्याच्यासाठी नेट जाळून राह्यली!"

"ह्या साध्या गंज्या नाहीत जी आई," पौर्णिमा हळूच म्हणाली. तिचा आवाज मुळातच असा, की ताटलीवर भात वाढल्यासारखा. "फ्रान्समधी मोने नावाचे चित्रकार होते. त्यांनी एकच गंजी सकाळी, दुपारी, सांजच्याले, धुक्यात, अशी पुन्हा पुन्हा काढली. दर खेपी रंग वेगळा. ऑनलाइन वर्गात शिकवून राह्यले. हे पहा, सावली काळी नाही, जांभळी हाय."

"मोने? म्हंजे पुन्याकडचे असन. मंग बराबर हाय! गंजी कधी पाह्यली नसन बिचाऱ्यानं. जमत नाही म्हून पुन्हा पुन्हा काढून राह्यला!"

रंगाच्या बाबतीत मनकर्णाबाईंना कोणी शिकवावं? शाळा दुसरीतच सुटली, पण नजर सुटली नव्हती. मिरचीचा ढीग लांबून पाहून कोणती तिखट आणि कोणती नुसतीच नटवी, ते सांगायच्या. तुरीच्या डाळीला पॉलिश मारलेलं त्यांना पिशवीच्या बाहेरून कळायचं. घराण्यातल्या साऱ्या लग्नांचे कपड्यांचे बस्ते त्यांनीच फाडले. भगवंतराव, म्हणजे त्यांचे यजमान, सदरा घेतला तरी आधी घरी आणून दाखवत आणि मगच अंगात घालत. अशी बाई रंगात फसेल? कधीच नाही!

आता झालं असं, की प्रणालीसाठी, म्हणजे पौर्णिमाच्या मुलीसाठी, अकोल्याचं स्थळ आलं. सुचवलं होतं पार्बताबाईंनी. पार्बताबाई मनकर्णाबाईंच्या नणंद. दोघींचं प्रेम असं, की एकीनं नवं पातेलं घेतलं तर दुसरीच्या घरी कढई यायची. मुलाचं घर पाहून झालं, मुलगा शुभम पसंत पडला, आणि सारे अकोल्यातच जठारपेठेत पार्बताबाईंकडे चहाला गेले. दिवस मावळायला आला होता. मनकर्णाबाई गाडीतून उतरल्या आणि रस्त्यातच थबकल्या.

काय ते घर! जणू कोणी आख्खी भिंत संत्र्याच्या रसात बुडवून काढली आणि वरून केशरदूध शिंपडलं!

"नवा रंग दिला वयनी घराले," पार्बताबाई म्हणाल्या. "कसा वाटते?"

"बरा हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. नजर मात्र भिंतीवरून हलेना.

रंगाचं नाव विचारलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण नणंदेला विचारायचं? त्यापेक्षा मनकर्णाबाईंनी त्या रस्त्यावर लोटांगण घातलं असतं! त्यांनी नातीला बाजूला ओढलं.

"प्रणाली, माहा फोटू काढ. भिंतीसमोर. मी कमी, भिंत जास्त!"

अमरावतीला घरी आल्या आल्या श्याम रंगाऱ्याला बोलावणं गेलं. साक्षगंध घरच्या अंगणात होतं आणि त्याआधी घराची समोरची भिंत जठारपेठेला लाजवेल अशी व्हायला हवी होती. श्याम हातचं काम संपवून आठवड्यानं आला आणि त्यानं फोटो पाहिला. पौर्णिमानंही मागून मान लांब करून पाहिला.

"आई, हा रंग भिंतीचा नसन जी. हा सांजच्या उन्हाचा हाय. मोन्यांनी एका चर्चची भिंत अशीच..."

"तू चूप बस! तुहे मोने येऊन पोतून देनार हायेत का?"

पौर्णिमा चूप बसली. रंगाच्या दुकानातल्या मशीनीनं फोटोकडे पाहून घुर्र घुर्र केलं आणि रंग बाहेर टाकला. श्यामनं भिंत रंगवायला घेतली. मनकर्णाबाई अंगणातल्या निंबाखाली खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या.

"काहून बे श्याम! सकाळी लावला तेव्हा भोपळा दिसत होता, आता हळद कशी झाली? डबा बदलला का?"

"मावशी, डबा तोच हाय."

"मंग काय भिंत बदलली?"

श्यामनं डबा नाकाशी नेऊन दाखवला, शपथ घेतली, आईची घेतली, ब्रशाचीही घेतली. मनकर्णाबाईंनी डब्याला झाकण लावून वर आपला तांब्या ठेवला, म्हणजे कोणी काही मिसळायला नको. पण दिवस कलला आणि मावळतीचं ऊन त्या भिंतीवर पडलं मात्र, सारी गल्ली लालबुंद! समोरचा कुलदीप बादली घेऊन धावत आला.

"काकू, आग कुठं लागली?"

मनकर्णाबाई खुर्चीत सैल टेकल्या. "लागली नाही बाबू. माह्या नणंदेले लागनार हाय!"

साक्षगंधाचा दिवस उजाडला. अंगणात खुर्च्या, मधे पाट, अकोल्याहून पाहुण्यांच्या गाड्या. मनकर्णाबाईंनी सोयऱ्यांना मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसवलं. कार्यक्रमाबरोबर भिंतही पाहून होईल! गुरुजींनी पोरापोरीलाही पूर्वेकडे तोंड करून बसवलं. पूर्वेकडे म्हणजे बरोब्बर भिंतीकडे. पाठीमागून दुपारचं उतरतीचं ऊन येत होतं, भिंतीवर आपटत होतं, आणि भिंत ते सारं उलटून लोकांच्या तोंडावर फेकत होती.

शुभमची आई मंजुषाताई कुंकू लावायला वाकल्या. हात कपाळाशी गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी प्रणालीचा एक गाल पाहिला, दुसरा पाहिला, मग डोळे पाहिले. मग त्या मागं सरकून भावाच्या कानाशी लागल्या.

"दादा, पोरीले कावीळ दिसते."

भाऊ म्हणजे खुशालराव. खुशालरावांची कुजबुज बडनेरा स्टेशनापर्यंत सहज ऐकू गेली असती.

"कावीळ? अन् लपवून ठेवली?"

मंत्र थांबले.

"कोनाले म्हनता कावीळ?" मनकर्णाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "आमची पोरगी गाजरासारखी ठणठणीत हाय! तुमच्या पोराचं तोंड पाह्यलं का? हळदीच्या पोत्यातून काढल्यासारखा दिसून राह्यला!"

खुशालरावांनी भाच्याकडे पाहिलं. खरंच की! शुभम कानापर्यंत पिवळा!

"आमचा शुभम? तो जिल्ह्यात कबड्डी खेळला हाय!"

"मंग कावीळही तथीच पकडली असन!"

झालं! अर्ध्या पाहुण्यांनी वराकडून बोलायला घेतलं, अर्ध्यांनी वधूकडून. कोणी उसाचा रस सुचवला, कोणी काविळीची माळ देणाऱ्या वैदूचा पत्ता दिला. गुरुजींनी सहज स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तर तोही पिवळा! ते पाटावरून उठले आणि पाणी मागायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "सारं अंगनच झपाटलं माय!"

"रागावू नका मनकर्णाबाई," मंजुषाताई म्हणाल्या, "पन आधी दोघाईचं रक्त तपासू. कुंकवाचं मंग पाहू." आणि त्यांनी ओटीचा नारळ उचलून पुन्हा पिशवीत ठेवलं.

नारळ पिशवीत गेला आणि प्रणालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं शुभमकडे पाहिलं, आणि शुभमनं पिशवीकडे. मनकर्णाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. ही पोर शुभमशी फोनवर बोलताना ह्याच भिंतीला टेकून हसायची. तेव्हा भिंत जुनी होती, पोपडे आलेली होती, आणि कोणालाही कावीळ नव्हती!

पण हार मानतील त्या मनकर्णाबाई कसल्या? त्यांनी नातीचा हात धरला आणि तिला निंबाखाली ओढत नेलं.

"या! इकडं या सारे! नीट पाहून घ्या माही नात!"

सारे धावले. निंबाला नुकती कोवळी पालवी फुटलेली, ऊन तिच्यातून गाळून खाली उतरलेलं.

"बाप्पा!" खुशालराव ओरडले. "आता हिरवी पडली! हे त काविळीच्याही पुढचं हाय!"



तेवढ्यात घरातून पौर्णिमा आली. कडेवर बैठकीवरच्या पांढऱ्या चादरी, हातात स्टूल. जेवायला म्हणून आलेल्या श्यामला तिनं नुसती मान हलवून बोलावलं. त्यानं एक टोक धरलं, तिनं दुसरं, आणि बघता बघता भिंतीवर वरून खालपर्यंत पांढऱ्या चादरी लोंबल्या.

"प्रणाली, जाग्यावर येऊन बस. तुमीही बसा शुभमराव."

दोघं बसले. साऱ्या अंगणातली कावीळ एका झटक्यात बरी झाली! प्रणाली जशी होती तशी सावळी, शुभम जसा होता तसा गोरटेला, खुशालराव मात्र रागानं लाल.

"पोरगी पिवळी नाही जी," पौर्णिमा तिच्या त्या भाताच्या आवाजात म्हणाली, "भिंत पिवळी हाय. ऊन भिंतीवर पडते अन् भिंतीचा रंग घेऊन आपल्या तोंडावर येते."

मंजुषाताईंनी आपला हात चादरीसमोर धरला. मग चादर बाजूला सारून भिंतीसमोर धरला. पांढरा, पिवळा. पांढरा, पिवळा. आणि त्या अशा हसल्या, की हातातली पिशवीच खाली पडली. नारळ आपणहून घरंगळत प्रणालीच्या पाटाशी गेला.

"घ्या! त्यालेच घाई झाली!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी कुंकू लावलं.

पंगत बसली. मनकर्णाबाई वाढायला फिरत होत्या, पण नणंदेच्या पानाजवळ जायचं टाळत होत्या. पार्बताबाईंनी पदर धरूनच थांबवलं.

"वयनी, येवढा भडक रंग कोनी सुचवला वं तुमाले?"

"भडक?" मनकर्णाबाईंचा तोल गेला. "तुह्याच घराचा त हाय! जठारपेठेचा! फोटू हाय माह्याजवळ!"

पार्बताबाईंनी फोटो पाहिला. मग त्यांना असा ठसका लागला, की शेजारणीनं पाठ चोळली.

"अवं वयनी, आमचं घर पांढरं हाय! साधं पांढरं! घरात कोनाचंच रंगावर पटेना, म्हून पांढरा देऊन मोकळे झालो!"

भगवंतराव हसले. कितीतरी वर्षांनी हसले. मनकर्णाबाईंनी नुसतं पाहिलं आणि त्यांनी उरलेलं हसू बुंदीबरोबर गिळून टाकलं.

पाहुणे गेले. अंगणात रिकाम्या खुर्च्या उरल्या. पौर्णिमा चादरी काढायला स्टूल घेऊन आली, तर मनकर्णाबाई भिंतीसमोर उभ्या. दिवस मावळत होता. पांढऱ्या चादरींवर हळूहळू रंग चढत होता. आधी साय, मग साखरभात, आणि मग संत्र्याचा रस, वर केशरदूध! थेट जठारपेठ! आणि चादरीच्या घड्यांमधल्या सावल्या काळ्या नव्हत्या. जांभळ्या होत्या.

मनकर्णाबाईंनी एका घडीवरून बोट फिरवलं, मग बोटाकडे पाहिलं. पौर्णिमानं स्टूल खाली ठेवलं. सासू आता काहीतरी चांगलं बोलेल असं तिला वाटलं. माणूस आहे, वाटतं कधीकधी.

"पौर्णिमा," मनकर्णाबाई वळल्या, "आजची सारी चूक तुही हाय!"

"माही? मी त तुमाले सांगितलं होतं जी..."

"असं सांगतात का? तोंडातल्या तोंडात? घरची सून हाय तू, भाड्यानं राह्यते का? मी चूप बस म्हटलं त लगेच चूप बसली! येवढं समजत होतं त भांडाले पाह्यजे होतं माह्याशी! आता उद्या श्यामले बोलाव अन् सारी भिंत पांढरी करून घे. अन् आयक, पार्बतीले घर पाह्याले बोलावशीन, त सांजच्यालेच बोलावजो!"