कुंडीतला संसार

त्या दिवशी असं उकडत होतं की सदरा अंगाला चिकटून बसला होता आणि आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. पंखा फिरत होता, पण नुसती गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेत होता. मी एका खुर्चीची वेताची बैठक विणत बसलो होतो. (जन्मभर हेच केलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण माझ्या खुर्चीत बसलेला माणूस आजवर खाली गेलेला नाही.) समोर काचेच्या टाकीत माशांची जोडी होती. आमच्या थोरल्याची. बदली झाली तेव्हा म्हणाला, "बाबा, एवढे दोन सांभाळा." काळे-पांढरे पट्टे, बोटाएवढी लांबी. सिक्लिड म्हणतात त्यांना.

मला वाटलं, बिचाऱ्यांना बसायला सावली नाही. म्हणून गॅलरीतली एक फुटकी कुंडी धुतली आणि टाकीत आडवी ठेवली. मी केलं ते एवढंच. पुढचं सगळं माशांनी केलं.

थोड्याच दिवसांत कुंडीतून धूर निघावा तसा पिल्लांचा लोट बाहेर आला. मी हिला हाक मारली. ही येऊन कौतुकाने बघून गेली. ते तिचं शेवटचं कौतुक. कारण पिल्लं जरा अंग धरतात तोवर कुंडीत नवी अंडी, आणि नवी पिल्लं झाली की हेच आईबाप जुन्यांना चावायला धावत. डोळ्यांदेखत कसं बघवणार? मी जुन्यांना गाळणीने उचलून बादलीत ठेवलं. पुढची खेप डब्यात. त्यापुढची घमेल्यात. मग एका सकाळी दूध आलं, तेव्हा दूध तापवायच्या पातेल्यात नवी पिढी पोहत होती.

ही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कपाटावरची बॅग खाली काढली, पुसली आणि दाराजवळ नेऊन ठेवली.

"रविवारी मी ताईकडे जाते," ती म्हणाली. "भांडी मोकळी झाली तर राहीन. नाही झाली, तर तुम्ही आणि तुमचं गोकुळ सुखाने नांदा."

मला चहासुद्धा करता येत नाही. (आला असता तरी पातेलं कुठे होतं?)

मी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पिल्लं ठेवून घ्यायची तयारी दाखवली. त्याच्या कोपऱ्यातल्या टाकीतला एक दांडगा मासा माझ्याकडे फार आशेने बघत होता, म्हणून मी पुढचं काही विचारलं नाही. पण पिल्लं नेऊन भागणार नाही, तो म्हणाला, नर आणि मादी वेगळे करा.

घरी येऊन टाकीसमोर बसलो. एक मासा मोठा, राखाडी, साधासुधा. दुसरा लहान, पण पोटावर झकास नारिंगी रंग. मी शांतपणे विचार केला. कोंबडा बघा, मोर बघा. नटतो तो नर. बाईमाणूस बिचारं साधं. (हाच विचार हिच्या कपाटासमोर बसून केला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं.)

तेव्हा राखाडी ती मादी. तिला वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे दिलं. त्या बाळंतपणाच्या वॉर्डात काम करतात. म्हटलं, बाईच्या जातीला यांच्याइतकं कोण जपणार? त्यांनीही काचेचं मोठं भांडं आणलं, "हिला एकटीला करमेल ना, काका?" असं दोनदा विचारलं.

पिल्लं दुकानात पोचवली, भांडी मोकळी झाली. हिने पातेलं घासघासून घासलं. बॅग मात्र दाराजवळच राहिली, पण रविवार गेला आणि ही घरातच होती.

आता नारिंगी पोटवाला एकटा पडला. कुंडीच्या तोंडाशी बसून राही, खाईना. हीसुद्धा म्हणाली, कसंतरीच वाटतं बघायला. मी दुकानात जाऊन सांगितलं, घरी एकटा नर आहे, त्याला सोबतीला दुसरा नर द्या. दोन नर भांडतील, दुकानदार म्हणाला. म्हटलं, भांडू देत, तेवढीच जाग राहील. त्याने पिशवीत घातलेला मासा राखाडीच होता. मला वाटलं, लहान आहे, रंग चढायचा असेल.

दोघे अजिबात भांडले नाहीत. एकमेकांना कुंडी दाखवत हिंडत होते. मी हिला म्हणालो, बघ, दोन पुरुष एका घरात किती समजुतीने राहतात.

ती चष्मा लावून टाकीत वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली.

"तुमच्या पुरुषांनी अंडी घातलीत," ती म्हणाली, आणि बॅगेकडे वळली.

मी चपलाही उलट्यासुलट्या घालून दुकान गाठलं. दुकानदार हसून हसून खाली बसला. या जातीत नारिंगी पोट बाईचं असतं, नर साधाच. मी मागितला नर, त्याने दिला नर. आता तो परत आणा, कुंडी काढा, मिटलं.

मी नर परत दिला. कुंडी अंड्यांसकट उचलली. टाकीत एक मासा, बाकी स्वच्छ पाणी. हिने प्रत्येक भांड्यात डोकावून बघितलं. मग बॅग उचलून कपाटावर ठेवली आणि माझ्यासाठी चहा केला. त्या चहाला अशी चव होती की काय सांगू. पातेलं विसळून तिने ओट्यावर पालथं घातलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात नर्सबाई. दोन्ही हातांत पाण्याने भरलेली बरणी, आणि बरणीत धुरासारखं काहीतरी हलत होतं. त्या सांगू लागल्या, मादी एकटी कंटाळते म्हणून त्यांनी त्याच दुकानातून तिला एक मैत्रीण आणली, आणि ऊन फार म्हणून भांड्यात चहाचा एक मग आडवा ठेवला. मी हळूच मागे बघितलं. ही ओट्याला टेकून उभी होती, एक हात पालथ्या पातेल्यावर.

नर्सबाईंनी माझ्या खांद्यावरून ओट्याकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "काका, जन्मभर बाळंतपणं केली, पण बाई बाप झालेली पहिल्यांदाच बघितली. ते पातेलं रिकामंच आहे ना?"