मार्लिसबाईंच्या सीरमची गळती

"लिही," ऑरेस्ट म्हणाला. "सास्काटून शहराला लाभलेला सर्वांत तल्लख मेंदू. बर्फासारखी थंड नजर. ज्याच्यासमोर भिंतींनाही घाम फुटतो, असा खासगी गुप्तहेर, ऑरेस्ट बोयको."

मी लिहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली की बाई काहीही लिहू शकते. भिंतींचं म्हणाल, तर आमच्याकडे कॅनडात जानेवारीत भिंतीला घाम फुटला तर लोक प्लंबरला बोलावतात, गुप्तहेराला नाही. आणि हा सर्वांत तल्लख मेंदू अठ्ठावीस वर्षं पालिकेच्या नोकरीत पाण्याचे मीटर वाचत होता. लोकांच्या तळघरांत उतरायचं, आकडा टिपायचा, वर यायचं. निवृत्त झाल्यावर त्याला साक्षात्कार झाला की आपल्याला घराघरांतली गुपितं माहीत आहेत. ती गुपितं म्हणजे कुणाचा नळ गळतो, एवढीच.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारची मार्लिस फ्रीसन आमच्याकडे आली. ती शाळेच्या ग्रंथालयात होती, आता निवृत्त. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. तिची त्वचा मुळातच कोरडी, त्यात आमच्याकडे हिवाळ्यात हीटर बंद म्हणून होत नाही. हवा अशी सुकते की दाराच्या मुठीला हात लावला तर ठिणगी उडते. त्यामुळे हिवाळ्यात मार्लिस फार बेतानं हसते.

तिनं काळजीपूर्वक एक छोटी बाटली टेबलावर ठेवली.

"जनेलनं पाठवलंय," ती म्हणाली. "चेहऱ्याचं सीरम. अँटिऑक्सिडंट का काय ते. उन्हाळ्यापर्यंत पुरेल म्हणाली होती. अकरा दिवसांत अर्ध्याच्या खाली गेलंय, ऑरेस्ट. कुणीतरी चोरतंय."

जनेल म्हणजे तिची मुलगी, व्हँकुव्हरला असते. वडील गेल्यावर ती आईला म्हणाली होती, घर विक आणि माझ्याकडे राहायला ये. मार्लिसनं उत्तर दिलं होतं की मला या घरातून हलवायचं तर क्रेन आण. तेव्हापासून दोघींचं बोलणं सणावारापुरतं. दोन वर्षांत मुलीकडून आपणहून आलेली ही पहिली वस्तू.

"आणि शनिवारी ती येतेय," मार्लिस म्हणाली. "बाटली रिकामी दिसली तर तिला वाटेल, मी ओतून दिली."

ऑरेस्टनं खुर्ची पुढे ओढली. एरवी तो मार्लिसला अगं-तुगं करतो, पण तपास सुरू झाला की सगळ्यांना अहो-जाहो.

"मार्लिसबाई, तुमचा चेहरा लाल दिसतोय. कुणावर रागावलात?"

"नाही रे, चुणचुणतो. औषध लागू पडत असणार."

"हं. नेटी, लिही. फिर्यादी काहीतरी लपवतेय."

पहिला संशय अर्थातच गळतीवर. बाटली दोन दिवस कागदी रुमालावर उभी होती. रुमाल कोरडा. दुसरा संशय हवेवर: एवढ्या कोरड्या हवेत सीरम उडून जात असणार. त्यासाठी त्यानं आमच्याच खिडकीत एका वाटीत पाणी ठेवलं आणि संध्याकाळी मी ते झाडाला घातलं, त्यामुळे हा सिद्धान्त काही तास सिद्ध झालेला होता.

मग त्यानं बाटलीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या, मीटरचा आकडा टिपावा तशा, आणि मार्लिसला दिवसातून सहा वेळा पातळी बघायला लावली. गुरुवारी सकाळी तो विजयी मुद्रेनं तिच्या स्वयंपाकघरात उभा राहिला.

"चोरी रोज सकाळी सात ते सव्वासातच्या दरम्यान होते. त्या वेळी तुम्ही कुठे असता?"

"न्हाणीघरात."

"आणि बाटली?"

"माझ्या हातात. मी लावत असते."

"म्हणजे चोर तुमच्या डोळ्यांदेखत!"

"लावताना डोळे मिटलेले असतात."

"मिटलेले!" ऑरेस्ट माझ्याकडे वळला. "बघितलंस? त्याला नेमकं हेच हवंय."

मी म्हटलं, "ऑरेस्ट, तीच तर वापरतेय ना ते." त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

मार्लिसच्या घराची किल्ली ब्लांचकडे असते. दोघी पंचवीस वर्षं कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, एकाच संघात आहेत. ब्लांच साठीची, पण चेहरा लोणी लावलेल्या पावासारखा चकचकीत. एवढा पुरावा ऑरेस्टला पुष्कळ झाला. त्याच दुपारी आम्ही तिच्याकडे गेलो. आम्ही आत शिरताच तिनं पाय पुढे केला. गैरसमज नको, पाय म्हणजे आमच्याकडची बेरीची फळं पिठाच्या पारीत भरून भट्टीत भाजतात तो. ऑरेस्टनं दोन तुकडे खाल्ले, ओठ पुसले आणि विचारलं, "ब्लांचबाई, तुमच्या चेहऱ्यावरचं हे तेज कुणाच्या बाटलीतलं?"

ब्लांच उठली आणि कपाटातून एक हिरवा डबा घेऊन आली.

"माझ्या भावाच्या गोठ्यातलं. गाईच्या सडांना भेगा पडू नयेत म्हणून लावतात ते मलम. आमची आईसुद्धा हेच लावायची."

ऑरेस्टनं डब्याचा वास घेतला आणि वहीत लिहिलं, "गाय: सहआरोपी?"

ब्लांचनं ते वाचलं. मग तिच्या लक्षात आलं की आम्ही का आलोय.

"मार्लिसला वाटतं मी चोरते?" ती हळू आवाजात म्हणाली. "तिच्या नवऱ्याच्या आजारपणात मी महिनाभर तिच्या घरी झोपले होते." मग तिनं मार्लिसची किल्ली टेबलावर ठेवली. "तिला परत द्या."

संध्याकाळी ब्लांच खेळायला आली नाही. मार्लिस माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली, आणि ते अश्रूसुद्धा तिच्या गालांना झोंबत होते. मी ऑरेस्टकडे नुसतं बघितलं. तो मीटर बघायच्या निमित्तानं तळघरात निघून गेला. आमचाच मीटर.

शनिवारी दुपारी जनेल आली. आम्ही तिथेच होतो, कारण ऑरेस्टला "निकाल जाहीर करायचा" होता. जनेलनं दारातच आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गालांचे पापुद्रे निघाले होते.

"आई, हे काय झालंय?"

"काही नाही गं. तुझं सीरम छान आहे. रोज न चुकता लावते."

"किती लावतेस?"

"लिहिलंय तेवढंच. चौतीस थेंब."

ऑरेस्टनं वही मिटली.

"किती?" जनेलनं विचारलं.

"चौतीस. मोजून. कधी मध्येच फोन वाजला तर पुन्हा पहिल्यापासून मोजते."

जनेलनं बाटली उजेडात धरली. अक्षरं मुंगीएवढी होती. "आई, चष्मा कुठेय तुझा?"

"चेहऱ्याला लावताना चष्मा कसा घालणार?"

"हे तीन ते चार आहे गं! मध्ये रेघ आहे, बघ. तीन, रेघ, चार!"

मार्लिसनं चष्मा घातला. बराच वेळ बघितलं. "एवढीशी रेघ?" ती म्हणाली. आणि हसली. बेतानं नाही, चांगली खदखदून, मग गालाला हात लावून "आई गं" म्हणाली आणि पुन्हा हसली.

जनेल मात्र हसत नव्हती. "इतकं झोंबत होतं तर थांबवलं का नाहीस?"

"तू पाठवलं होतंस ना."

जनेलनं टॉवेल कोमट पाण्यात भिजवून आईचा चेहरा टिपला. आता आठवडाभर सीरम नाही म्हणाली, आणि ओल्या गालांवर स्वतःच्या पिशवीतलं जाड क्रीम हळूहळू चोळत बसली. मार्लिसनं डोळे मिटून घेतले आणि तिला चोरीची, ब्लांचच्या किल्लीची सगळी हकीकत सांगितली.

ऑरेस्ट खाकरला. "मला तसा अंदाज आलाच होता. पण म्हटलं, घरच्यांनी शोधलेलं बरं."

"हो का, काका?" जनेल म्हणाली. "मग ब्लांचमावशीकडे कशाला गेलात?"

ऑरेस्टनं टोपी घातली. मी गाडी काढली. ब्लांचचं दार त्यानं स्वतःच वाजवलं. मी मागे किल्ली घेऊन उभी होते.

"ब्लांच," तो म्हणाला. बाई नाही, अहो नाही. "मी चुकलो. मार्लिसचा यात काही दोष नाही. तिनं तुझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. गाढवपणा सगळा माझा."

ब्लांचनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग माझ्या हातातून किल्ली घेतली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"आत ये," ती म्हणाली. "पण बूट बाहेर काढ."

बाहेर उणे तीस होतं. सास्काटूनचा सर्वांत तल्लख मेंदू खाली वाकला आणि मुकाट्यानं नाड्या सोडू लागला.