वरचा चमचा, खालचा चमचा

जगातली बहुतेक भांडणं आकड्यांवरून होत नाहीत, एककांवरून होतात. 'दोन' म्हटलं की कुणीच भांडत नाही. 'दोन काय?' असं कुणी विचारलं की मग बाह्या वर सरकतात.

तर मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटून केलेली कल्पना जास्त चांगली होते, पण दोन्ही मिटलेत तर पुढचं वाचता येणार नाही, म्हणून एकच मिटा. असं एक शहर डोळ्यांपुढे आणा (डोळ्यापुढे म्हणू या), जिथे लिटर नाही, मीटर नाही, किलो नाही, तासही नाही. सगळं एकाच एककात मोजतात. ते एकक म्हणजे चमचा.

हसू नका. सुधारणा करणाऱ्यांना आधी लोक हसतातच, आणि नंतर रांगेत उभे राहतात.

ही सुधारणा 'एकक एकीकरण कार्यालया'च्या संचालकांनी केली. लहानपणी शाब्दिक गणितात त्यांचं उत्तर नेहमी बरोबर यायचं, पण पुढे एकक लिहायला ते विसरायचे आणि बाई अर्धा गुण कापायच्या. मोठेपणी हातात अधिकार आल्यावर माणसानं काय करावं? एकक लिहायची सवय लावून घ्यावी, हा एक मार्ग. एककंच काढून टाकावीत, हा दुसरा. संचालकांनी दुसरा निवडला, कारण त्याला फक्त सही लागते. कोणतं एकक ठेवायचं हे ठरवण्याच्या बैठकीत ते चहा ढवळत होते. बैठक तिथेच संपली.

आता तुम्ही विचाराल, चमच्यानं वेळ कसा मोजणार? दर वापरून. दर ही अगदी साधी गोष्ट आहे: एकाच्या मागे दुसरं किती, एवढंच ती सांगते. कार्यालयानं समिती नेमली. समितीनं वर्षभर चमच्याचमच्यानं चहा पिऊन निष्कर्ष काढला की एक चमचा चहा प्यायला चार सेकंद लागतात. झाला दर: चमच्याला चार सेकंद. मग मिनिटाच्या साठ सेकंदांचे झाले पंधरा चमचे आणि तासाचे नऊशे.

हे कागदावर कसं मांडायचं ते नीट बघा, परीक्षेत येतं. साठ सेकंद लिहा. त्याला गुणिले 'एक चमचा भागिले चार सेकंद' लिहा. आता सेकंद वरही आहेत आणि खालीही. जे वर तेच खाली असलं की दोघं एकमेकांना कापतात. दोघांवर काट मारा. उरले पंधरा, आणि त्यांच्यापुढे चमचे. चुकून दर उलटा धरलात, तर सेकंद कापले जात नाहीत, उलट वरच दोनदा येऊन तुमच्याकडे बघत बसतात. तेवढ्यावरून चूक कळते. एकक म्हणजे गणितातला पहारेकरी असतो. (संचालकांनी त्याला घरी बसवलं होतं.)

पुढचं सोपं होतं. कार्यालयाचा शिपाई सेकंदाला एक मीटर चालतो, म्हणजे चमच्याला चार मीटर. शाळा आठशे मीटरवर, म्हणजे दोनशे चमचे. साखरेचा चमचा पाच ग्रॅमचा, पाण्याचा पाच मिलिलिटरचा. ज्याला ज्याला म्हणून दर लावता आला, त्याचा त्याचा चमचा झाला.

या शहरात टिचकी नावाची एक नऊ वर्षांची मुलगी राहत होती. (खरं नाव वेगळं, पण ती बोलायची तेच टिचकी मारल्यासारखं.) तिचा चार वर्षांचा भाऊ भोपू. भोपूचं वजन पंधरा किलो, म्हणजे तीन हजार चमचे. घरातली मोठी बादली पंधरा लिटरची, तीही तीन हजार चमचे. शेजारच्या गावाचा बारा किलोमीटरचा रस्ता, तोही तीन हजार. म्हणजे भोपू, बादली आणि शेजारच्या गावाचा रस्ता हे कागदोपत्री एकच होते. घरात मात्र फरक कळायचा, कारण बादली खोकत नसे.

टिचकीची आई शिवणकाम करायची. टेपवर आता चमचे छापलेले होते. ऐंशी सेंटिमीटरच्या कमरेला ती 'एक पंचमांश चमचा' म्हणायची. गिऱ्हाइकं बेहद्द खूश होती. सुधारणेला विरोध का झाला नाही, याचं हे एक कारण सांगतात.

बाबा त्या कार्यालयातच होते. कार्यालयाला दोन मजले. वरच्या मजल्यावर साहेबांच्या पुढे पुढे करणारे बसायचे, खालच्या मजल्यावर साहेबांच्या मागे मागे करणारे. अशा माणसांना आपल्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. होय, चमचे. हा निव्वळ योगायोग आहे. बाबांना दोन्हीकडे जागा मिळाली नव्हती, त्यांचं टेबल मधल्या जिन्याच्या वळणावर होतं. येणारा-जाणारा त्यावर कोपर टेकून दम खायचा. पण बाबांची निष्ठा कुणाहून कमी नव्हती. 'साहेबांनी काहीतरी विचार केला असेल' हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

तर भोपूला खोकला झाला. साधासुधा नाही, मिनिटाला सहा वेळा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीची समुद्रावर सहल होती. बालवाडीच्या ताईंचा नियम स्पष्ट होता: खोकणाऱ्याला बसमध्ये जागा नाही. भोपूनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तो एक मोठी बादली असतो, एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ती प्रत्यक्ष बघण्यावाचून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं: सकाळ-दुपार-संध्याकाळ दोन चमचे.

"दोन चमचे," आई म्हणाली. "चमचा कुठाय?"

इथे एक तांत्रिक अडचण होती. सगळ्या शहराचं मोजमाप चमच्यावर आल्यामुळे चमचे अचूक असणं आवश्यक झालं होतं, आणि त्यासाठी कार्यालयानं घरोघरचे चमचे तपासणीला नेले होते. तपासणी चालू होती. लोक पेन्सिलीनं चहा ढवळत होते. बाटलीच्या झाकणावर मिलिलिटरच्या रेघा असायच्या, पण मिलिलिटर रद्द झाल्यामुळे त्या कारखान्यातच खरवडून येत.

"अंदाजानं देऊ का?" आई म्हणाली.

"औषध आहे ते, फोडणी नाही," बाबा म्हणाले. "आणि दोन चमचे म्हणजे नक्की काय, हे आधी बघायला हवं. नियमाप्रमाणे चमचा वेळेचाही असतो, अंतराचाही. डॉक्टरांना कुठला म्हणायचाय?"

"तोंडात जातो तो."

"तसं लिहिलेलं नाही," बाबा म्हणाले. "ऑफिसात विचारू. साहेबांनी काहीतरी विचार केला असेल."

भोपू खोकला. ते त्याचं मत होतं.

मग बाबा, टिचकी, भोपू आणि बाटली असे निघाले. वाटेत औषधांच्या दुकानात टिचकी थांबली. दुकानाच्या काकू गल्ल्यावर बसून कांडीनं चहा ढवळत होत्या.

"काकू, औषध मोजायला काहीच नाही का?"

"ड्रॉपर आहे," काकू म्हणाल्या, आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघून हळूच पुढे म्हणाल्या, "याचे वीस थेंब म्हणजे एक मिलि. तो शब्द मी उच्चारलेला नाही."

"कुठला शब्द?" टिचकीनं विचारलं.

"शहाणी आहेस," काकू म्हणाल्या आणि ड्रॉपर तिच्या खिशात टाकला.

कार्यालयात खालच्या मजल्यावरच्या ज्येष्ठ साहाय्यकांनी चिठ्ठी उजेडात धरून वाचली. "दोन चमचे म्हणजे आठ मीटर," ते म्हणाले. "बाळाला बाटलीसह आठ मीटर चालवा."

भोपू बाटली घेऊन आठ मीटर चालला. चालताना खोकला.

वरच्या मजल्यावरचे ज्येष्ठ साहाय्यक जिना उतरून आले. "काय हा अडाणीपणा? औषध वेळेवर घ्यायचं असतं, म्हणजे हा वेळेचा चमचा. दोन चमचे म्हणजे आठ सेकंद. बाटली आठ सेकंद दाखवा."

भोपूला बाटली आठ सेकंद दाखवली. त्यानं ती लक्षपूर्वक बघितली आणि तिच्यावर खोकला.

"मीटर," खालचे म्हणाले.

"सेकंद," वरचे म्हणाले.

"तुम्ही वर बसता म्हणून काहीही बोलाल का?"

"आणि तुम्ही खाली बसता ते काय उगीच?"

मग खालच्यांनी वरच्यांच्या तीन जुन्या चुका सांगितल्या, वरच्यांनी खालच्यांच्या चार. दोन्ही मजले जिन्यावर आले. टिचकीनं बाबांचा शर्ट ओढला. "बाबा, वरचे चमचे आणि खालचे चमचे एकमेकांना कापताहेत."

"हळू बोल," बाबा म्हणाले. पण तेवढ्यात कापाकापी पूर्ण झाली होती. वरचे तावातावानं वर गेले, खालचे खाली, आणि मधे उरले बाबा, दोन मुलं, आणि आवाज ऐकून कपबशी घेऊन बाहेर आलेले संचालक.

संचालकांच्या कपात चमचा होता. तपासणीला न गेलेला शहरातला तो एकमेव चमचा.

"काय तक्रार आहे?" त्यांनी ढवळत विचारलं.

"साहेब, मुलाला खोकला आहे," बाबा म्हणाले. "मिनिटाला सहा वेळा."

संचालकांनी मनात हिशेब केला. "मिनिटाचे चमचे पंधरा. म्हणजे चमच्यामागे अर्ध्याहूनही कमी खोकला. काळजीचं कारण दिसत नाही."

बाबांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आलं. मग भोपू खोकला, आणि ते गेलं.

"काका, तुमचा चमचा जरा द्याल का?" टिचकी म्हणाली. "दोनदाच लागेल."

"हा मूळ नमुना आहे, बाळ. वापरला की झिजतो."

"पण तुम्ही तर ढवळताय."

"ढवळणं म्हणजे वापर नव्हे," संचालक म्हणाले. "ती पडताळणी."

इथे मोठी माणसं वाद घालत बसली असती. टिचकीनं बाबांच्या टेबलावरचा एक पाठकोरा कागद घेतला आणि एकाखाली एक मांडलं. दोन चमचे. गुणिले चमच्याला पाच मिलि. गुणिले मिलिला वीस थेंब. चमचा वर, चमचा खाली, काट. मिलि वर, मिलि खाली, काट. (मिलि कापली गेल्यामुळे कुणाला दिसलीच नाही. कायदा शाबूत राहिला.) दोन गुणिले पाच गुणिले वीस.

"दोनशे थेंब," टिचकी म्हणाली. "बाबा, बशी द्या."

बाबांनी साहेबांकडे बघितलं. मग भोपूकडे बघितलं. त्या माणसानं आयुष्यात कधी साहेबांच्या आधी दुसऱ्या कुणाकडे बघून काही केलं नव्हतं. त्यांनी साहेबांच्या हातातल्या कपाखालची बशी काढून घेतली, रुमालानं पुसली आणि टिचकीपुढे टेबलावर ठेवली.

टिचकी थेंब टाकू लागली. भोपू मोठ्यानं मोजू लागला, पण त्याला दहापर्यंतच येत असल्यामुळे दर दहा थेंबांनी तो पुन्हा एकपासून सुरू करायचा आणि बाबा एक बोट दुमडायचे. बोटं संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. वरचा मजला कठड्यावरून वाकला, खालचा मजला पायऱ्यांवर चढला. पन्नास झाल्यावर एका चमच्यानं टाळ्या वाजवल्या, त्याला दुसऱ्यानं गप्प केलं. शंभराला संचालकही पुटपुटू लागले. दोनशेला सगळे एकदम थांबले.

"थांबा," संचालक म्हणाले. "शासकीय जागेत झालेलं मोजमाप पडताळल्याशिवाय बाहेर जाता येणार नाही."

त्यांनी आपला चमचा धुऊन मागवला आणि बशीतलं औषध स्वतः त्यात ओतलं. चमचा काठोकाठ भरला. आता भरलेला चमचा रिकामा कुठे करायचा, हा प्रश्न आला. जवळच भोपूचं तोंड उघडं होतं. संचालकांनी दुसरा चमचा भरला. तोही बरोबर भरला, आणि तोही तिथेच रिकामा झाला. बशी कोरडी.

"दोन चमचे," संचालक समाधानानं म्हणाले. "पद्धत निर्दोष आहे." आणि त्यांनी तिथल्या तिथे परिपत्रक सांगितलं: यापुढे शहराचं एकक थेंब. ड्रॉपर तपासणीसाठी जमा करावेत. दोन्ही मजल्यांनी माना डोलावल्या. टिचकीनं ड्रॉपर मोज्यात घातला, कारण संध्याकाळचं औषध बाकी होतं.

ते बाकावर बसून राहिले. भोपूचा खोकला मिनिटाला सहावरून चारवर आला, मग दोनवर, आणि कार्यालय सुटायच्या घंटेपर्यंत दहा मिनिटांत एकदा. बाबांनी बालवाडीच्या ताईंना फोन लावला. ताईंनी फोनवर भोपूला पाच मिनिटं धरून ठेवलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "टोपी आणा त्याची उद्या."

निघताना संचालक दारापर्यंत आले. "घर लांब आहे का?"

"छे, साहेब," बाबा म्हणाले. "इथंच. पाच मिनिटांवर."

संचालकांनी मान डोलावली. वरच्यांनी डोलावली, खालच्यांनी डोलावली. आणि मुलांनो, खरं सांगा, तुम्हीही डोलावलीत. साहेबांनी विचारलं अंतर, बाबांनी सांगितली वेळ, मधला दर सांगितलाच नाही, आणि इतका वेळ चमच्यांना हसणारे तुम्ही न अडखळता पुढच्या ओळीवर आलात. काल तुम्हाला कुणी घर विचारलं तेव्हा तुम्हीही हेच सांगितलंत.

टिचकी तेवढी अडखळली.

"कुणाच्या चालीनं, बाबा?"

"माझ्या. आणखी कुणाच्या?"

टिचकीनं बाबांचे पाय बघितले, भोपूचे बघितले. "भोपूच्या चालीनं दहा होतात," ती म्हणाली. मग ती पायरीवर वाकून बसली, भोपूला पाठीवर घेतलं, त्याचे हात गळ्याभोवती नीट आवळून घेतले आणि म्हणाली, "तुम्ही या सावकाश पाच मिनिटांत. आम्ही तीनमध्ये जातो."

आणि ती पळत सुटली.