भाऊजी विहिरीत पडले तेव्हा

खड्ड्यातली माती बघण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. जुनी इमारत पाडून नवी बांधायची असली, की पाया खणताना पुरातत्त्वाचा एक माणूस तिथे हजर लागतो. तो मी. जेसीबीने माती उपसायची, मी ती बघायची आणि काही दिसलं तर "थांबा" म्हणायचं. आजवर फुटक्या कपबश्यांपलीकडे फारसं काही निघालं नव्हतं.

म्हणून ताईची इमारत पाडली तेव्हा हे काम मी हौसेने मागून घेतलं. ताई, भाऊजी आणि तिच्या सासूबाई भाड्याच्या एका खोलीत दाटीवाटीने दिवस काढत होते. सासूबाई येता-जाता विचारायच्या, घर कधी होणार? मी छाती फुगवून सांगितलं, "मी आहे ना! पाया बिनबोभाट खणून होईल."

आठवडाही झाला नसेल, जेसीबीच्या दाताला विटांचं गोल कडं लागलं. बांधीव विहीर, इमारतीपेक्षा कितीतरी जुनी! मी "थांबा" म्हणालो. बिल्डरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती मीच येऊन बांधून गेलो होतो.

आनंदाच्या भरात ताईला फोन केला, म्हटलं, आमच्या दृष्टीने घबाडच सापडलंय. ताईला त्यातलं फक्त "घबाड" ऐकू आलं. तिने ते शेजारणीला सांगितलं आणि दुपारी सगळे जुने रहिवासी खड्ड्याच्या काठावर! भाऊजी सगळ्यांत पुढे. आपल्या घराखालचं म्हणजे आपलंच, असं त्यांचं म्हणणं. नीट दिसावं म्हणून ते वाकले, काठ ढासळला आणि भाऊजी थेट विहिरीत, गुडघाभर चिखलात.

अशा वेळी शहाणा माणूस शिडी शोधतो. मी ओरडलो, "भाऊजी, पाय हलवू नका! मातीचे थर बिघडतील!"

आत भाऊजी कण्हत होते.

"त्यांचा पाय मोडलाय," ताई हळू आवाजात म्हणाली, "आणि तुला चिखलाची पडलीय."

शिडी शेवटी जेसीबीवाल्याने लावली.

पुढे तज्ज्ञ आले आणि विहीर जपायचं ठरलं. नकाशा बदलला. तळमजल्यावरचं नेमकं ताईचंच घर उडालं, ते सगळ्यात वर गेलं. काम इतकं लांबलं की सासूबाई त्या भाड्याच्या खोलीतच गेल्या. मी भेटायला गेलो, तर ताईने पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता इमारत उभी आहे. विहिरीवर जाड काच, आत दिवे आणि शेजारी पाटी: ही विहीर शोधून जपल्याबद्दल बिल्डरचे आभार. परवा धीर करून, फळं घेऊन मी ताईकडे गेलो. दारावरच्या पहारेकऱ्याने वर फोन लावला. पलीकडचा ताईचा आवाज मलाही स्वच्छ ऐकू आला.

फोन ठेवून तो अदबीने म्हणाला, "साहेब, मॅडम म्हणतायत, घरी कोणी नाही."

फळं त्यालाच देऊन आलो.