फेसाचे वैरी

सुभेदार पांडुरंग जगदाळे समोरच्या माणसाच्या डोक्याचा वास घेतल्याशिवाय त्याच्याशी बोलत नसत. सोसायटीत त्यावरून त्यांना वेडे ठरवण्यात आले. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी आहे, आणि ह्या मताचा जाहीर निषेध करतो. सुभेदार शोधत होते ते तेल. तेलाखेरीज त्यांचे कोणाशीही वैर नव्हते.

झिरकपूरच्या आमच्या सोसायटीत क्लबहाऊसच्या गच्चीवर आठ माणसे मावतील असा, गरम पाण्याचे झोत सोडणारा हॉट टब आहे. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला इथल्या सहा मराठी कुटुंबांनी अंगाला तिळाचे तेल चोळले, उटणे लावले आणि पहाटे आळीपाळीने त्या टबात उतरली. कोणीतरी झोतांचे बटण दाबले आणि फेस काठावरून वाहून जिन्यापर्यंत गेला. आमचे अध्यक्ष ढिल्लोंसाहेब धावत वर आले. "ओ जी, ये क्या? कपड़े धो रहे हो?" त्यांनी टब साफ करायला आठ दिवसांची मुदत दिली. "फिर झाग आया, तो टब बंद. इधर गमले रखेंगे."

ही आंघोळ सुभेदारांच्या डोक्यातून निघाली, असे अध्यक्ष आजही सांगतात. साफ खोटे. कल्पना माझी होती, आणि मला तिचा पश्चात्ताप नाही. सुभेदार त्या पहाटे इस्पितळात पत्नीच्या उशाशी बसले होते. सुलोचनाबाईंच्या डाव्या अंगावरून वारे गेले होते. हाताची मूठ मिटली, ती उघडेना. डॉक्टरांनी त्याच दिवशी घरी सोडताना सांगितले होते, की कोमट पाण्यात रोज हात हलवा.

त्या संध्याकाळी सुभेदार माझ्या दारात उभे राहिले.

"काय वो देशपांडे, तेल कुणाचं?"

"माझे," मी ताठ मानेने म्हणालो.

"मग उद्या सकाळी अर्ध्या चड्डीवर वर या. हिला आठ दिवसांनी त्या टबात बसवायचीया."

चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत हा माणूस आयुष्यभर पाण्याच्या टाक्या आणि पंप सांभाळत आला होता. आम्ही टब रिकामा केला, भिंती पुसल्या, नवे पाणी भरले. बटण दाबले; पुन्हा फेस. सुभेदारांनी फिल्टर बाहेर ओढला. त्याच्या घडीघडीत उटणे बसले होते. तो रात्रभर बादलीत भिजवून त्यांनी माझ्याकडून एकेक घडी धुवून घेतली. मी तक्रार केली असे म्हणणाऱ्याने तसे माझ्या तोंडावर म्हणावे.

ढिल्लोंसाहेबांनी फेस मारणारे औषध आणून दिले. सुभेदारांनी बाटली उलटसुलट पाहिली आणि परत केली. "ह्यानं फेस मरंल, तेल ऱ्हाईल. चोर घरातच, आन् आपण नुसतं भुंकणारं कुत्रं गप करायचं व्हय?"

मग ते गच्चीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. मोहालीत नोकरी करणारा आमचा कुलकर्णी एकदा घाईने आला.

"काका, यार, आंघोळ करून आलोय. पक्का!"

"तू केलीस. चड्डीनं केली का?"

"म्हणजे?"

"कशात धुतलीस ती?"

"मशीनमध्ये. पावडर टाकून."

"झालं! जा, साध्या पाण्यात चार वेळा पिळून आण."

सुभेदारांनी त्याला हाकलून दिले, अशी अफवा आहे. वस्तुस्थिती अशी, की तो चड्डी पिळून परतला तेव्हा त्याचा टॉवेल सुभेदारांनीच हातात धरला होता. रोज सकाळी ते अर्धी बाटली टबाचे पाणी घेत, खळखळून हलवत आणि घड्याळ पाहत. बुडबुडे रेंगाळले, की चेहरा पडे. "पाणी खोटं बोलत न्हाई, देशपांडे." दोनदा टब पुन्हा उपसला.

आठव्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः बटण दाबले. दहा मिनिटे झोत उसळत राहिले. पाणी नितळ. "मान गए, सुभेदारसाब!" त्यावर सुभेदारांनी कडक सलाम ठोकला, असे वर्णन केले जाते. त्यांनी काहीही ठोकले नाही. ते थेट खाली गेले आणि सुलोचनाबाईंना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आले.

बाई गच्चीवर येताच आम्हा सर्वांना वास आला. इतक्या दिवसांनी चार माणसांत जायचे म्हणून बाईंनी चांगल्या हाताने डोक्यावर खोबरेल थापले होते. ते कपाळावर ओघळत होते. कुलकर्णीने माझ्याकडे पाहिले. मी सुभेदारांकडे पाहिले. त्यांनी वाकून बाईंच्या पदराला पिन लावली, आणि त्यांना उचलून पाण्यात बसवले.

वेणी पाण्यात पडली. झोत चालूच होते. पांढरा फेस बाईंच्या हनुवटीपर्यंत चढला, आणि त्या हसल्या. वाकड्या ओठाने, पण मोठ्याने. उजव्या हाताने त्यांनी फेस उडवला. मग डावी मूठही पाण्याबाहेर आली, फेसात चाचपडली, आणि तिची दोन बोटे हळूहळू सुटली.

ठरलेली वेळ संपून झोत आपोआप थांबले. फेस विरू लागला. बाईंनी नवऱ्याकडे पाहिले.

"सुभेदारसाब," ढिल्लोंसाहेब हळूच म्हणाले, "झाग…"

"हां जी," सुभेदार म्हणाले, आणि त्यांनी बटण पुन्हा दाबले.