साटीनवर पावशेर

"आजोबा, हलू नका. श्वाससुद्धा हळू घ्या," झिपरी दारातूनच कुजबुजली.

शिवणखोलीत आत्यानं जमिनीवर मोतिया रंगाचं साटीन पसरून ठेवलं होतं. लांबच्या लांब, वर कागदी नमुने टाचलेलं. आणि त्या साटीनच्या बरोबर मधोमध पावशेर उभा होता. पावशेर म्हणजे झिपरीचा घोडा. वय जेमतेम एक वर्ष, आणि उंची एवढी की जेवणाच्या टेबलाखालून मान न वाकवता आरपार जायचा. फरशीवर खूर वाजू नयेत म्हणून त्याच्या चारही पायांत आजोबांचे लोकरीचे मोजे होते, आणि चेहऱ्यावर वर्गात पहिला नंबर आल्याचा भाव!

तो घरी आला त्याच दिवशी आत्यानं बजावलं होतं, "अंगणात ठेव, स्वयंपाकघरात आण, मी बोलणार नाही. पण माझ्या शिवणखोलीत याचा एक पाय जरी दिसला, तरी तबेलेवाल्याची गाडी बोलावणार. जाईल आला तसा परत."

एक पाय! इथे तर अख्खे चार होते. आणि आत्या कोपऱ्यावरच्या दुकानात फक्त दोरा आणायला गेली होती. म्हणजे कुठल्याही क्षणी येईल.

"हा आत आलाच कसा?"

"शब्दकोड्यासाठी पेन्सिल हवी होती, म्हणून मी दार उघडलं," आजोबा म्हणाले. "हा मागून आला आणि थेट जाऊन उभाच राहिला. मी म्हटलं, काय शहाणं पोर आहे!"

"शहाणंच आहे हो! मीच शिकवलंय त्याला!" झिपरी रडकुंडीला आली.

शिकवणी अशी होती : जमिनीवर काहीही पसरलेलं दिसलं, की त्यावर जाऊन चारही पाय ठेवायचे आणि पुतळा व्हायचं. झाला पुतळा, की झिपरीच्या हातातला क्लिकर, म्हणजे दाबली की वाजणारी छोटी डबी, 'टक' वाजणार आणि टकच्या पाठोपाठ गाजराचा तुकडा. ओढणं नाही, ओरडणं नाही. टक म्हणजे शाबास. चटईवर जमलं, टॉवेलवर जमलं, आजोबा वाचत असलेल्या वर्तमानपत्रावरसुद्धा जमलं. आता पावशेरच्या लेखी साटीन म्हणजे काय? जगातली सगळ्यात मोठी चटई!

"गळपट्टा धरून ओढू या," आजोबा म्हणाले.

"मुळीच नाही! ओढलं की तो पाय रोवतो. टरकन फाटलं तर? ज्यांचा झगा आत्या शिवतेय, त्या गाणाऱ्या बाई कार्यक्रमात काय घालून गाणार?"

"मग रिमोट कुठाय त्याचा?" आजोबांनी खिडकीतला क्लिकर उचलला, टीव्ही बंद करावा तसा पावशेरवर रोखला आणि दाबला. टक!

"आजोबाऽऽ!" कुजबुजत किंचाळता येतं, हे झिपरीला आजच कळलं.

पावशेरचे कान ताठ झाले. शाबास मिळाली, म्हणजे हेच बरोबर आहे! तो आणखी ताठ उभा राहिला.

"हलत नाही गं. सेल गेले असतील." टक, टक, टक, टक.

"अहो, तुम्ही त्याला शाबासक्या देताय! आणि टक झालं की गाजर द्यावंच लागतं, नाहीतर त्याचा विश्वास उडतो!"

झिपरी साटीनच्या कडेला पालथी पडली आणि हात लांब करून तुकडे भरवू लागली. पावशेर करकर चावला. त्याच्या ओठावरून केशरी लाळेचा एक टपोरा थेंब निघाला, लोंबला, लांबला... झिपरीनं झेप घेऊन तो तळहातावर झेलला. शाळेच्या क्रिकेट टीममध्ये तिला घेत नाहीत, नुकसान त्यांचं!

तेवढ्यात आजोबा एकदम पुटपुटले, "झिपरे... शेपूट."

शेपूट वर जात होती. हळूहळू, पंपाच्या दांड्यासारखी. ज्याच्या घरी घोडा आहे, त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

"टोपली! चिंध्यांची टोपली!"

आजोबांनी टोपली उचलली, कमरेत वाकले आणि मागच्या बाजूला नेमकी धरली. शेपूट वर राहिली. राहिली. मग पावशेरनं विचार बदलला आणि ती खाली आली. आजोबा मात्र वर आले नाहीत.

"कंबर धरली," ते त्याच कोनातून म्हणाले.

झिपरी धावत जाऊन पावशेरची रोजची चटई घेऊन आली आणि दाराजवळ पसरली. ओढायचं नाही, बोलवायचं नाही, फक्त वाट बघायची. पावशेरनं चटईकडे पाहिलं. साटीनकडे पाहिलं. पुन्हा चटईकडे. आणि पुढचा एक पाय अलगद उचलला.

"ये, बाळा, ये," झिपरी ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"हलवू नकोस त्याला."

आवाज मागून आला. दारात आत्या होती, हातात दोऱ्याची रिळं.

"आत्या, त्याची काही चूक नाही गं, मीच..."

"गप्प बस." आत्या उकिडवी बसली. पावशेरच्या पायांमधल्या साटीनवर तिनं बोट वाजवलं. कापड ढोलकीच्या चामड्यासारखं ताणलेलं होतं. "दोन दिवस हे मला रडवतंय. एक टोक धरावं तर दुसरं पळतं. पुस्तकं ठेवून झाली, इस्त्र्या ठेवून झाल्या. शेवटी बाबांना बसवलं."

"मला शिंक आली," आजोबा वाकलेल्या अवस्थेत म्हणाले.

"घोड्याचा पाय खाली घे, झिपरे. आणि तिथेच ठेव," असं म्हणून आत्यानं कात्री उचलली.

आता आली का पंचाईत! पावशेरचं सगळं लक्ष दारातल्या चटईवर. ते पाहून आजोबा तसेच वाकलेले दोन पावलं सरकले आणि चटईवर बसले. चटई दिसेनाशी झाली. हवेतला पाय विचारात पडला आणि सावकाश साटीनवर परत टेकला. टक! शेवटचं गाजर.

कात्री पुढच्या पायांमधून आत शिरली, पोटाखालून वळली, मागच्या मोज्याला केसभर चुकवून बाहेर आली. झिपरीनं आजोबांच्या खिशातल्या खारकासुद्धा त्याला भरवून संपवल्या.

शेवटचा तुकडा कापून झाला. आत्यानं तो उजेडात धरून पाहिला. एक सुरकुती नाही.

"उद्या सकाळी मखमल बेतायचंय," ती म्हणाली. "याला पाठव."

झिपरीनं विचारलं, "आणि तबेलेवाल्याची गाडी?"

"ती बोलावणारच." आत्यानं टेपनं पावशेरला शेपटीपासून छातीपर्यंत मोजलं. "याच मापाचा आणखी एक आहे का, विचार त्याला. मखमलाचा पन्हा मोठा आहे."