चिमण्याबरोबर सहाव्या मजल्यावर

"कुत्रा सांभाळायला छाती लागते, छाती!" असं बायकोला ठणकावून मी चिमण्याची साखळी हातात घेतली. चिमण्या हा माझ्या मेहुण्याचा कुत्रा. मेहुणा सांगतो म्हणून कुत्रा म्हणायचं, एरवी कुणालाही तो दाढी वाढवलेला रेडाच वाटेल! मेहुणा परगावी गेलेला, चिमण्याचा कान दुखत होता, म्हणून डॉक्टरकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं.

"अहो, झेपेल ना?" बायकोने विचारलं.

"बघच तू!"

जनावरांचा दवाखाना सहाव्या मजल्यावर होता. आम्ही इमारतीत शिरलो आणि लिफ्टपुढची गर्दी अशी पांगली, जणू कुणी वर्गणी मागायला आलंय! एक सूटवाले साहेब कुंडीमागे लपले. कुंडीतलं रोप वीतभर! एक बाई फोनवर म्हणाल्या, "ठेवते गं. जगले तर करते!" वॉचमन स्टुलावर चढला आणि वरूनच विचारता झाला, "चावतो का?"

"आज अजून तरी नाही," मी मुद्दाम घोगऱ्या आवाजात म्हणालो. काय सांगू, भलताच रुबाब वाटला!

लिफ्ट आली. आतल्या कुरियरवाल्याने पार्सल चिमण्याच्या पायाशी ठेवलं आणि "सही राहू द्या!" म्हणत भिंतीला घासत पळ काढला.

अख्खी लिफ्ट आमची! मी ऐटीत बटण दाबलं. लिफ्ट जेमतेम वर गेली, गचका बसला, दिवा गेला आणि सगळं ठप्प!

आता एक सांगायचं राहिलं. बंद जागेत माझं पाणी पाणी होतं. मी "आई गं!" म्हणून किंचाळलो. मग शब्दच फुटेनात, नुसतं "ऊंऽऽ... ऊंऽऽ..." चिमण्या मात्र शांतपणे माझ्या पायावर बसला आणि त्याने जांभई दिली.

बाहेर गलका झाला.

"ऐकलंत? कुत्रा पिसाळला!"

"माणूस गेलाच म्हणायचा. शेवटी 'आई गं' म्हणाला हो!"

तेवढ्यात लिफ्टचा मेकॅनिक आला. "आधी कुत्र्याला गप्प करा! त्याशिवाय मी लिफ्ट खाली आणणार नाही. मला बायको आहे!"

"अहो, कुत्रा गप्पच आहे!" मी कसाबसा ओरडलो. "मी रडतोय!"

बाहेर कुजबुज झाली.

"काहीतरीच!" वॉचमन म्हणाला. "एकदा रडून दाखवा बघू."

मी दाखवलं.

"हुबेहूब!" मेकॅनिक म्हणाला. "हेच ते."

लिफ्ट खाली आली, दार उघडलं. मी चिमण्याच्या मानेला मिठी मारून खाली बसलेलो, आणि तो माझं टक्कल चाटत होता.

"अगं बाई!" फोनवाल्या बाई कळवळल्या. "केवढा त्रास झाला जिवाला!"

"नाही, तसा ठीक आहे मी..."

"तुम्हाला नाही हो!"

साहेब कुंडीमागून येऊन चिमण्याची पाठ थोपटू लागले. वॉचमन स्टुलावरून उतरून "राजा, राजा" करू लागला. मेकॅनिकने दोनदा लिफ्ट वरखाली करून "झकास!" म्हटलं, तशी चिमण्याला सोबत करायला सगळी गर्दी आत घुसली. पाठोपाठ मी.

वजन जास्त झालं! लिफ्ट ठणाणा करू लागली. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही उतरता का?" साहेब अदबीने म्हणाले. "याला आम्ही नेतो."

मी साखळी त्यांच्या हातात दिली आणि रुबाबात जिना चढू लागलो. घाबरून बाजूला होणारं तिथे कुणी नव्हतं म्हणा!